‘पाहिले’ लिहिणारे नाना

माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेच्या मागे, उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलीने लिहिलेला एक शब्द अजून वाचता येतो. ‘पाहिले.’ आणि त्याखाली ‘ना.’ आईने तेव्हा चिडून खोडरबर चालवला होता, पण नानांचा हात जड. शिसं गेलं, कागदात उमटलेला खळगा तसाच राहिला. पुढे नोकरीच्या मुलाखतीत एका साहेबांनी ती गुणपत्रिका उलटीसुलटी करून विचारलं, “हे काय?” मी म्हटलं, “आमच्या शेजाऱ्यांनी तपासलीय.” साहेब हसले आणि पुढचा प्रश्न विचारायचं विसरले. नोकरी मिळाली.

नाना म्हणजे नारायण बच्छाव. मूळचे बागलाणातले, पण सगळी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात तपासनीस म्हणून झाली. नाशकात सिडकोत त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लावून. कारखान्यात प्रत्येक तपासनिसाला स्वतःच्या क्रमांकाचा शिक्का असतो, आणि तो उमटल्याशिवाय वस्तू पुढच्या टेबलावर जात नाही, हे मला बाराखडीच्या आधी माहीत होतं, कारण नाना ते दर चार दिवसांनी सांगत. शिक्का कारखान्यात राहायचा. घरी यायची ती सवय. मग घरच्या वस्तूंवर ते शिक्क्याऐवजी ‘पाहिले’ लिहीत. गॅसच्या सिलिंडरवर खडूने. बाबांच्या स्कूटरच्या स्टेपनीवर खडूने. लग्नपत्रिकेवर पेन्सिलीने, आणि तेही तारीख आणि वार जुळतो का हे कॅलेंडरात पाहून. एका पत्रिकेत मंगळवारचा बुधवार झाला होता, तर नानांनी ती लाल पेन्सिलीने दुरुस्त करून यजमानांना परत दिली होती. त्या घरचे लोक पुढे कित्येक वर्षं नानांना लांबूनच नमस्कार करत.

उंच, काटकुळे, चष्म्याला मागून दोरा. शर्टाच्या खिशात तीन वस्तू कायम: पेन्सिल, बोटाएवढी बॅटरी आणि दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला लांब दांडीचा इवलासा आरसा. हा आरसा जोडांच्या मागे घालायचा. “समोरची बाजू काय, कोणीही चकचकीत करतं,” नाना म्हणायचे. “मागची बाजू पाहिली का?” हा प्रश्न ते नळ बसवणाऱ्याला विचारत, शिंप्याला विचारत, आणि मुलगी पाहून आलेल्या माझ्या मामालाही त्यांनी तो विचारला होता. मामाने त्याचा भलताच अर्थ घेतला.

आणखी एक. ‘बघणं’ आणि ‘पाहणं’ हे शब्द ते वेगळे ठेवत. “बघतात सगळेच, पोरी. पाहायला थांबावं लागतं.” कोणी घाई केली की नाना आणखी हळू होत. एकदा कारखान्यात एका नळीचा जोड दुसऱ्या पाळीच्या माणसाने तपासलेला होता, फक्त शिक्का मारायचा होता. नानांनी सगळं उघडायला लावलं. अर्धा दिवस गेला, आणि आत सगळं ठाकठीक होतं. ही गोष्ट ते इतक्या आनंदाने सांगायचे की मला वाटे शेवटी काहीतरी मोठं सापडणार. “मग काय निघालं नाना?” “काही निघालं नाही.” “मग?” “अगं, काही निघालं नाही हेच तर काढायचं असतं!”

आठवीत मी विज्ञान प्रदर्शनासाठी पाऊस आला की वाजणारी घंटा केली होती. पत्र्याच्या दोन पट्ट्या, मधे मिठाचा कागद, एक सेल आणि बझर. नानांकडे घेऊन गेले, तांब्यातून पाणी शिंपडलं, घंटा वाजली. मी पेन्सिलीची वाट पाहत उभी. नाना म्हणाले, “पाऊस आल्यावर वाजते, हे बघितलं. पाऊस नसताना वाजत नाही, हे तू पाहिलंस का?” मला त्या वयात हा शुद्ध खवचटपणा वाटला. प्रदर्शनाच्या दिवशी प्रमुख पाहुणे आले, बाईंनी त्यांच्यावर गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडलं, आणि माझी घंटा जी बोंबलायला लागली ती पाहुण्यांचं भाषण सुरू झालं तरी थांबेना. घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून रडले. नाना दारात येऊन म्हणाले, “घंटा चांगली होती. तपासणी अर्धी होती.” एवढं बोलून गेले. मी पुढे सेन्सर बनवण्याच्या धंद्यात शिरले त्याचं खापर मी याच वाक्यावर फोडते.

त्यांच्या मुलाच्या, संजूच्या लग्नात तर कहर झाला. ओझरचं मंगल कार्यालय, नवरदेव पारावर, आणि नवरदेवाचा बाप फेटा बांधून भटारखान्यात, हातात साबणाच्या फेसाची वाटी. गॅसच्या सगळ्या नळ्यांच्या जोडांना फेस लावून कुठे बुडबुडा येतो का ते पाहत होते. चुली बंद, पंगत ताटकळलेली. मुलीकडच्या मामांनी आवाज चढवला. नाना शांतपणे आरसा घालून म्हणाले, “मागची बाजू राहिलीय.” काही निघालं नाही, अर्थात. सुनीताने, म्हणजे नवऱ्या मुलीने, सासऱ्यांना नीट पाहिलं ते असं: फेसाने भरलेले हात आणि कपाळावर घसरलेला फेटा.

त्या सुनीतावर नानांचा जीव होता, पण बोलणं मात्र जेमतेम. नानी लवकर गेल्या, संजू नोकरीसाठी बाहेरगावी महिना महिना, घरात ही दोघंच. स्वयंपाकघरात शिरायच्या आधी नाना दारात खाकरत. काही हवं असलं तर हवेत बोलत: “चहा झाला असेल तर बरं.” सून ही सून. तिच्यासमोर बनियनवर यायचं नाही, औषधाचं नाव काढायचं नाही, पोट बिघडलं तर उपास आहे म्हणून सांगायचं. बागलाणातून नाशकात येऊन पन्नास वर्षं झाली, विमानांच्या पोटातले सगळे जोड पाहून झाले, पण हा पडदा काही हलला नाही.

म्हणूनच शौचातून रक्त जातंय हे त्यांनी घरात कोणालाच सांगितलं नाही. दोन महिने! दुनियेची सिलिंडरं तपासणारा माणूस स्वतःच्या डायरीत तारीख, वेळ आणि प्रमाण लिहीत बसला होता. चक्कर येऊन पडले तेव्हा डायरी सुनीताच्या हाती लागली. ती पळत आमच्याकडे आली. मोठ्या आतड्यात गाठ होती, आणि ती कॅन्सरची निघाली.

आता इथे माझी, मंजूची, थोडी ओळख द्यावी लागेल. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा लहानसा कारखाना आहे. आम्ही आधी द्राक्षबागेत ओल मोजणारे सेन्सर करायचो. नंतर एका रुग्णालयातल्या सर्जन बाईंच्या आग्रहाने एक पट्टा तयार केला. आतड्याचा रोगट तुकडा काढला की उरलेली दोन टोकं एकत्र शिवतात. शिवताना तो जोड पक्का असतो, पण खरी परीक्षा पुढच्या पाच-सात दिवसांत. तो भरून आला तर माणूस घरी जातो. कुठे झिरपायला लागला तर पोटात विष पसरतं, आणि बाहेरून कळेपर्यंत फार उशीर होऊ शकतो. आमच्या पट्ट्यात चार बारीक माइक होते, पोटाला चिकटून आतड्यांची गुरगुर ऐकणारे. शिवाय नाडी आणि ताप. पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीवर बटणाएवढा दुसरा सेन्सर, त्या पाण्याची आम्लता मोजणारा. सगळ्याच्या तारा एका पेटीत. पण हे सगळं अजून चाचणीवर होतं. डॉक्टर निर्णय घ्यायचे ते स्वतःच्या तपासणीवरून आणि रुग्णाच्या सांगण्यावरून. आमची पेटी नुसती बाजूला बसून नोंदी करायची.

नानांची शस्त्रक्रिया याच बाईंकडे ठरली, तेव्हा मी भीत भीत पट्ट्याचं विचारलं. “आधी वेल, आता माणूस,” नाना म्हणाले. “बढती चांगली झाली तुझी.” संमतीपत्राची सातही पानं त्यांनी वाचली, शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि सही केली. मी गमतीने म्हटलं, “‘पाहिले’ पण लिहा की.” नाना गंभीर झाले. “सही म्हणजे परवानगी. ‘पाहिले’ म्हणजे जबाबदारी. अजून मी काय पाहिलंय?” मग डॉक्टर मॅडमकडे वळून त्यांनी अपेक्षित प्रश्न टाकलाच. “जोड शिवल्यावर मागची बाजू पाहाल ना?”

मॅडम न चिडता म्हणाल्या, “पाहते. आतून हवा भरते, जोड पाण्याखाली धरते आणि बुडबुडा येतो का बघते.”

“म्हणजे पंक्चरवाल्यासारखं!” नानांचा चेहरा असा उजळला की ते दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेला हसत गेले.

शस्त्रक्रिया छान झाली. बुडबुडा आला नाही. दुसऱ्या दिवशी नाना काठीच्या आधाराने चार पावलं चालले आणि मला म्हणाले, “नोंदवही दाखव.” मी दर चार तासांनी पेटीतले आकडे वहीत उतरवत होते. रोज संध्याकाळी पाच वाजता ते वही मागून घेत, चष्मा पुसून वाचत आणि पानाखाली लिहीत, ‘वाचले. ना.’ मी विचारलं, “‘पाहिले’ का नाही?” तर म्हणाले, “मी तुझे आकडे वाचतोय. पट्टा कुठे पाहिलाय? तो तर माझ्याच पोटावर आहे.”

चौथा दिवस उजाडला. आतड्याची शस्त्रक्रिया झाली की आतडी काही दिवस झोपी जातात. ती जागी झाल्याची खूण म्हणजे वारा सरणं. त्या वॉर्डात सकाळी डॉक्टर येतात तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो, आणि उत्तर ‘हो’ आलं की सगळ्यांना हायसं वाटतं. सकाळच्या पाळीच्या सिस्टर मनाने फार प्रेमळ, पण आवाज लाउडस्पीकरचा. त्या वॉर्डाच्या टोकापासून विचारत आल्या, “काय नाना, गॅस पास झाला का? वारा सरला का वारा?”

खाटेभोवती आम्ही चौघी होतो. डॉक्टर मॅडम, सिस्टर, मी आणि नानांच्या उशाशी सुनीता. नानांनी छताकडे पाहिलं आणि म्हणाले, “हो, हो. सगळं व्यवस्थित.”

“वा!” मॅडम म्हणाल्या. “मग आज पेज सुरू करू. असंच राहिलं तर परवा घरी.”

माझा आनंद पाच मिनिटं टिकला. पेटी उघडली तर पहाटेपासून पट्ट्याचे चारही माइक गप्प. आदल्या दिवशी थोडी गुरगुर सुरू झाली होती, तीही बंद. दुपारी नळीतल्या पाण्याची आम्लता सरकायला लागली. नाडी जराशी जलद, ताप नाही. मी पेटीकडे बघत बसले. वारा सरलाय आणि पोटात आवाज नाही, असं होईल कसं? एक तर पट्टा बहिरा किंवा माणूस खोटा. आणि माणूस कोण, तर नाना! ज्यांनी लग्नाच्या पंगती ताटकळत ठेवल्या, पण न पाहता होकार दिला नाही, ते नाना. मी क्षणभरही विचार केला नाही. द्राक्षबागेतल्या सेन्सरांच्या तारा दमट हवेने अशाच बिघडायच्या. पेटी खोलली, एक तार जराशी ढिली सापडली. शोधली की एखादी तार ढिली सापडतेच. तार घट्ट केली, तरी आकडे तेच. पट्टा खोटा तर त्याच पेटीतला नळीवरचा सेन्सर तरी खरा कशावरून? दीड वर्षाचं काम पाण्यात गेलं म्हणून मला भयंकर राग आला होता. वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘सेन्सर सदोष. आजच्या नोंदी ग्राह्य धरू नयेत.’

पाच वाजता नानांनी वही मागितली. सुनीता शेजारी मोसंबी सोलत बसली होती. नानांनी ती ओळ वाचली. चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पुन्हा वाचली.

“सूनबाई,” ते म्हणाले, “खालून चहा घेऊन ये.”

“नाना, तुम्हाला चहा चालायचा नाही अजून.”

“मला नाही, मंजूला. कडक सांग. सावकाश ये, घाई नको.”

सुनीता गेली. तिची पावलं जिन्यावर वाजेपर्यंत नाना थांबले. नानांची भाषा आता पुरती नाशिकची झाली होती, पण आतून हलले की त्यांची अहिराणी वर यायची. नानी गेल्या तेव्हा ऐकली होती, त्यानंतर आज.

“यंत्र खरं शे,” नाना म्हणाले.

“काय?”

“यंत्र खरं शे. मी खोटा शे.” त्यांनी डोळे मिटले. “काही सरलेलं नाही सकाळपासून. पोट दगड झालंय. ती पेज मला नरड्याशी आलीय.”

“मग सकाळी हो का म्हणालात?”

“चार बायका उभ्या होत्या समोर. त्यातली एक सून. काय सांगू मी?”

मला रडू आलं आणि संतापही आला. “नाना, अहो तुम्ही, तुम्ही न पाहता कधी...”

“ओरड,” नाना म्हणाले. “हक्क आहे तुझा. पण आधी डॉक्टरीणबाईंना बोलाव. ओरडायला नंतर वेळ आहे.”

मी धावले. मॅडमनी पोट दाबून पाहिलं, वहीतले दिवसभराचे आकडे पाहिले, नळीतल्या पाण्याचा नमुना घेतला आणि स्कॅन करायला सांगितलं. तासाभरात निकाल आला. जोड मागच्या बाजूने झिरपत होता. बारीकशी जागा, सुईच्या टोकाएवढी. शिवण नीटच होती, पण तेवढ्या जागी मांस भरून आलं नव्हतं, आणि तसं कोणाच्याही हातून शिवलेल्या जोडाला होऊ शकतं. मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “आज पकडलं, धुऊन निघेल. परवा घरी गेले असते, तर मी काही सांगू शकले नसते.”

लगेच पुन्हा शस्त्रक्रियेला न्यायचं ठरलं. ट्रॉली दाराशी आली तशी नानांनी हात पुढे केला. “वही आण. पेन्सिल पण.”

“नाना, आता?”

“आत्ताच. नंतर मी असेन नसेन, चुकीची नोंद माझ्या नावावर राहायला नको.”

मी ‘सेन्सर सदोष’ ही ओळ गिरवून काळी करायला निघाले, तर त्यांनी माझा हात धरला. “खाडाखोड करायची नाही. एकच आडवी रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे, काय चुकलं होतं ते.” मग स्वतः रेघ मारली आणि पडल्या पडल्या, वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं: ‘सेन्सर निर्दोष. माहिती देणारा सदोष. दुरुस्त केले. ना.’ सुनीता चहाचा पेला घेऊन दारातच उभी होती. तिला काय झालं ते कळलं, आणि का झालं तेही कळलं. तिने पदराने नानांचं कपाळ पुसलं, आणि नानांनी पुसू दिलं.

नाना वाचले. पोट धुतलं, आणि जोडाला विश्रांती मिळावी म्हणून आतड्याचा वरचा भाग काही महिने पोटावर बाहेर काढून त्याला पिशवी लावली. मला वाटलं, ज्या माणसाला चार बायकांसमोर एक शब्द उच्चारता आला नाही, तो या पिशवीने खचेल. खचले नाहीत. पहिले पंधरा दिवस पिशवी सुनीताने बदलली. नाना भिंतीकडे तोंड करून पडून राहत. सोळाव्या दिवशी त्यांनी खिशातला आरसा काढला, कडेकडेने फिरवून सगळं पाहिलं आणि म्हणाले, “खालच्या अंगाला नीट चिकटलेली नाही, सूनबाई. तिथून गळेल.” सुनीता म्हणाली, “मग तुम्हीच लावा.” तेव्हापासून तेच लावायला लागले. सुनीता मला एकदा हसत म्हणाली, “ताई, पंधरा वर्षांत नाना माझ्याशी जेवढं बोलले नाहीत ना, तेवढं या पिशवीपायी बोलले.”

पाच महिन्यांनी जोड तपासून, छोटी शस्त्रक्रिया करून आतडं परत आत घातलं आणि पिशवी गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच सिस्टर वॉर्डाच्या टोकाला दिसल्या, त्यांनी तोंड उघडायच्या आत नाना खाटेवरून ओरडले, “सरला!” सगळा वॉर्ड हसला. सुनीताने तोंडाला पदर लावला. पट्टा तर रात्रीपासूनच गुरगुरत होता.

मी लगेच पेटी पुढे केली; जोड झिरपल्याची शंका आली की ती आता वाजायचीही. “आता तरी लिहा ‘पाहिले’.”

“एका माणसावरून शिक्का मारतात का?” नाना म्हणाले. “आणि तुझ्या घंटेचं झालं तेच याचं नको. दुखणं नसताना वाजत नाही ना, ते पाहिलंस?” मग त्यांनी आम्हाला कामाला लावलं. कारखान्यातल्या प्रत्येकाने पट्टा बांधून दिवस काढायचा. स्वतः नाना तब्येत सुधारल्यावर झणझणीत मिसळ खाऊन पट्टा बांधून बसले आणि तीन वेळा खोटी सूचना मिळवून दिली. आम्ही सुधारणा केली. ते पुन्हा मिसळ खायला तयार. शेवटी सुनीतानेच पट्टा काढून घेतला.

त्यानंतर वर्षभर नाना आठवड्यातून दोनदा वॉर्डात यायचे. नेमणूक कोणी केली नव्हती, हटकलंही कोणी नाही. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या, खेड्यापाड्यांतून आलेल्या म्हाताऱ्यांच्या उशाशी स्टूल ओढून बसायचे. डॉक्टरांची फेरी यायच्या जरा आधी त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं: “सूनबाई, जरा खालून चहा घेऊन या.” लेकी-सुना खाली गेल्या की नाना हळू आवाजात तो प्रश्न विचारत, आणि खरं उत्तर सिस्टरना सांगत. पुढे सिस्टर स्वतःच नातेवाइकांना म्हणायला लागल्या, “नानांच्या चहाची वेळ झाली, बाहेर व्हा.” वॉर्डात तो शब्दच रुळला. अजूनही नव्या सिस्टर ‘नानांचा चहा’ म्हणतात, आणि त्यांनी नानांना बघितलेलंही नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथेच. चांदवडकडचे एक कांद्याचे शेतकरी, तात्या, शस्त्रक्रियेचा पाचवा दिवस. पोटावर आमचा पट्टा, पेटी शेजारच्या टेबलावर. पट्टा गप्प होता, पण नळीतल्या पाण्याची आम्लता हलली नव्हती आणि पेटीही वाजली नव्हती. मी विचारलं तर तात्या घाईने म्हणाले, “झालं ना, झालं सगळं. काय नाय तरास.” नाना स्टुलावरून उठले. “सूनबाई, जरा चहा घेऊन या. कडक.” सून गेली. नानांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “तात्या, मी पण हेच सांगितलं होतं. मरता मरता वाचलो. आता खरं बोला.”

तात्यांनी आधी दाराकडे बघितलं. “नाय वो नाना. कालपासून नाय. सूनबाई होती हितं, लय लाज वाटती वो.”

मॅडम आल्या, तपासणी झाली, स्कॅन झालं. जोड शाबूत होता. आतडी नुसती आळसावली होती, रक्तातले क्षार कमी पडले होते, ते सलाइनमधून दिले. मी जरा खट्टू होऊन नानांना म्हटलं, “काही निघालं नाही.”

नाना खूश! “मग? तेच तर काढायचं असतं!” मी रिपोर्ट घेऊन मॅडमकडे गेले, परत आले तोवर ते निघाले होते. व्हरांड्याच्या टोकाला पाठमोरे दिसले. भिंतीवरच्या आग विझवायच्या लाल सिलिंडरपाशी थांबून, बॅटरी लावून, आरसा मागे घालून पाहत होते. मी हाक मारली नाही. त्यांना घाई केलेली आवडत नसे.

आठवड्याने नाना झोपेत गेले. हृदय थांबलं. वय अठ्ठ्याहत्तर. जोडाने शेवटपर्यंत कुरकुर केली नाही. तेराव्याला सुनीताने तो आरसा मला दिला आणि आम्ही दोघी खूप रडलो. मला दुःख होतंच, पण एक खोल चुटपुटही होती. इतकं करून त्यांनी माझ्या पेटीवर तो शब्द काही लिहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पेटीचा सेल संपला. सेल मागच्या बाजूला असतो. मी पेटी टेबलावर पालथी घातली. पांढऱ्या प्लॅस्टिकवर, उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलीने, चांगला खळगा पडेल इतकं दाबून लिहिलं होतं: ‘पाहिले. ना.’ खाली तात्यांच्या स्कॅनची तारीख होती. आणि ती पेटी मी तीन आठवडे रोज हाताळत होते, समोरूनच.